आधी आलेलं उत्तर

१

विमा कंपनीच्या त्या मुख्य कार्यालयात जेवढी माणसं होती तेवढी सगळी मूर्ख होती, याबद्दल दीडशहाण्यांच्या मनात कधी शंका आली नाही. काही मूर्ख जास्त पगाराचे, काही कमी पगाराचे, एवढाच काय तो फरक. जास्त पगाराचे मूर्ख कॉम्प्युटर अडला की फोन करत. कमी पगाराचे स्वतः येऊन दारात उभे राहत आणि बोलणी खाऊन परत जात.

'दीडशहाणे' हे नाव लेखा विभागानं त्यांना पाठीमागे ठेवलेलं. त्यांच्या कानावर ते आलं होतं आणि त्यांना त्याचा रागही नव्हता. "शहाण्यापेक्षा अर्ध्यानं जास्तच," असं ते मनाशी म्हणत. आपणही त्यांना तेच म्हणू.

त्यांचं काम असं : कार्यालयातल्या प्रत्येक मशीनला एक नाव असतं आणि एक नंबर असतो, कोणत्या नावाचा कोणता नंबर, हे सांगणारा सर्व्हर सांभाळायचा. तो तळमजल्यावरच्या एका थंडगार खोलीत होता. एसीची घरघर आणि हिरवे दिवे, बाकी काही नाही. विचारलं तेवढंच बोलतो, म्हणून कार्यालयात त्यांना पसंत असलेला तो एकटाच.

वर्षातून काही वेळा मोठे साहेब त्यांना नव्या कर्मचाऱ्यांसमोर उभं करत. इंटरनेट म्हणजे काय ते जरा सोप्या भाषेत सांगा म्हणत. दीडशहाण्यांच्या लेखी हे पालथ्या घड्यावर पाणी होतं, पण साहेबांपुढे इलाज नव्हता. त्या दिवशीही दुसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात चेहऱ्यांची रांग बसली होती आणि कडेला लेखापालबाई होत्या. त्या काही नव्या नव्हत्या. एवढी वर्षं होऊनही त्यांना काही कळत नाही, म्हणून पुन्हा धाडलेल्या.

"नाव हे तुमच्यासाठी असतं," दीडशहाण्यांनी सुरुवात केली. "कारण तुमच्या डोक्यात आकडे राहत नाहीत. मशीनला नावाशी काही देणंघेणं नाही, त्याला नंबर लागतो. तुम्ही नाव टाइप केलं की तुमचं मशीन माझ्या सर्व्हरला विचारतं, हा कुठं राहतो? ठाऊक असेल तर तो लगेच सांगतो. नसेल तर तो जगाला विचारत सुटतो. सगळ्यात वर जे बसलेत त्यांनाही पत्ता ठाऊक नसतो. ते म्हणतात, अमक्या गल्लीवाल्याला विचार. गल्लीवाला म्हणतो, तमक्या घरवाल्याला विचार. घरवाला शेवटी नंबर देतो. समजलं? नसेलच समजलं. पुढे."

"म्हणजे सगळं असं कोणालाच ठाऊक नसतं?" लेखापालबाईंनी विचारलं.

"मला असतं."

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

"पण सर, मध्येच कोणी खोटा नंबर सांगितला तर?"

"तर मशीन तो खरा मानतं. या बाबतीत ते थेट तुमच्यावर गेलंय. आधी जो बोलेल त्याचं खरं, मागून आलेलं उत्तर कोणी बघतही नाही. वर ते आधीचं उत्तर काही काळ लक्षात ठेवतं, म्हणजे पुन्हा विचारण्याचा त्रास नको. तोवर खरा मालक दारात बोंबलत उभा राहिला तरी उपयोग नाही."

बाईंनी मान खाली घातली. दीडशहाण्यांना बरं वाटलं. शेवटी पडद्यावर एक नाव विचारून दाखवायचं होतं. त्यांनी नेहमीप्रमाणे स्वतःच्या मशीनचं नाव टाकलं. उत्तर आलं. पुढच्या रांगेतला एकजण ते मन लावून वहीत उतरवू लागला.

दीडशहाण्यांनी सहज पडद्याकडे पाहिलं. तो नंबर त्यांचा नव्हता.

२

स्वतःच्या मशीनचा नंबर त्यांना झोपेतून उठवून विचारला तरी सांगता आला असता. पडद्यावरचा शेवटचा आकडा भलताच होता.

"वेळ संपली," असं सांगून त्यांनी पडदा बंद केला आणि खाली येऊन सर्व्हर तपासला. सर्व्हरमध्ये नंबर बरोबर होता. खालून विचारलं, बरोबर. पुन्हा वर जाऊन सभागृहातून विचारलं, चूक. याचा अर्थ उघड होता. सर्व्हरच्या आधी दुसरंच कोणीतरी बोलत होतं.

'कोण्या गाढवाला अक्कल फुटलीय,' त्यांनी मनात म्हटलं, आणि लगेच त्यांना त्या विचाराचंच हसू आलं. हे करायला डोकं लागतं. ते या इमारतीत कोणाकडे होतं?

त्यांनी तारेवर पाळत ठेवली. मशीन प्रश्न विचारतं, कुठूनसं ते परकं उत्तर येतं आणि त्याच्या मागोमाग, पापणी लवायच्या आत, त्यांच्या सर्व्हरचं खरं उत्तर येतं आणि दारातूनच परत जातं. असं पुन्हा पुन्हा. त्यांनी खोटा नंबर अडवला. तास-दोन तास सगळं सुरळीत चाललं, आणि मग तो पुन्हा आला. आणि एवढा सगळा खटाटोप फक्त एकाच नावासाठी चालला होता, त्यांच्या. साहेबांच्या, लेखा विभागाच्या, बाकी कोणाच्याही नावाला धक्का नव्हता.

एकदा तर त्यांना दिसलं, की परक्या उत्तराची वेळ प्रश्नाच्या आधीची आहे. विचारलं गेलं नव्हतं, तेव्हाच ते येऊन बसलं होतं.

'घड्याळ मागे पडलंय,' ते म्हणाले. त्यांनी घड्याळ तपासलं. ते मागे पडलेलं नव्हतं. मग त्यांनी ते पुन्हा तपासलं नाही.

३

"सर, थँक्यू हं."

कॉरिडॉरमध्ये लेखापालबाई समोर आल्या. एरवी त्या त्यांना पाहून जिन्याकडे वळायच्या. आज चक्क थांबल्या.

"कशाबद्दल?"

"काल फोनवर किती नीट समजावलंत! मी तीनदा तेच विचारलं, तरी चिडला नाहीत. मलाच लाज वाटली."

"मी काल कोणाचाही फोन घेतलेला नाही."

बाई हसल्या. "असू दे सर, नाही सांगत कोणाला."

त्यानंतर दीडशहाण्यांच्या लक्षात आलं, की बरेच दिवस त्यांचा फोन वाजलेलाच नाही. इतके दिवस ते खूश होते, म्हणत होते, एकदाची माणसं सुधारली. कार्यालयातले फोनही त्याच तारांवरून, त्याच नावांवर चालत. म्हणजे ज्यानं नाव पळवलं त्यानं फोनही पळवला. आयत्या बिळावर नागोबा! त्यांच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

भांडारपाल भेटला, त्यानं वाकून नमस्कार केला. लिफ्टमध्ये मोठे साहेब म्हणाले, "तुमच्यात बदल जाणवतोय बरं का. लोक नाव काढतात. असंच राहू द्या."

"साहेब, माझ्या नावानं कोणीतरी दुसराच बोलतोय."

"ही तुमची थट्टा करायची पद्धतही नवीनच," साहेब म्हणाले आणि आपल्या मजल्यावर उतरून गेले.

दीडशहाणे उलट पावली लेखापालबाईंच्या टेबलापाशी गेले. "आवाज कोणाचा होता?"

"कुठला आवाज?"

"फोनवरचा, बाई! जरा डोकं चालवा."

बाईंचा चेहरा पडला. "तुमचाच होता की, सर. ओळखणार नाही का मी? फक्त..." त्या अडखळल्या. "फक्त घाई नव्हती त्यात."

४

घरी बायको होती आणि तिचे वडील होते. सासरेबुवांनी जन्मभर कापडाच्या दुकानात कापड फाडलं आणि आता निवृत्तीनंतर ते जावयाचं डोकं खात, असं दीडशहाण्यांचं मत. म्हाताऱ्याला चौकश्या फार. हे सगळं तारेतून येतं कसं, आपण नाव लिहिल्यावर त्याला कळतं कसं. दीडशहाण्यांचं उत्तर ठरलेलं असे : "तुम्हाला कळून काय करायचंय?"

त्या संध्याकाळी सासरे कपबशी घेऊन समोर बसले. चेहरा उजळलेला.

"जावईबापू, आता सगळं डोक्यात शिरलं बरं का."

"काय?"

"तुम्ही दुपारी फोनवर सांगितलंत ते. परक्या गावात घर शोधायचं असतं, तसंच की हे. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारायचं. त्याला घर ठाऊक नसतं, पण कोणाला ठाऊक असेल ते ठाऊक असतं. तो पुढच्याकडे धाडतो, पुढचा त्याच्या पुढच्याकडे. आपल्याला ठाऊक नाही, हे जो तो मोकळेपणी सांगतो म्हणून तर माणूस घरी पोचतो. कोणी कोणाला हाकलत नाही." म्हाताऱ्यानं बशीतला चहा फुंकला. "हे वाक्य मला फार आवडलं तुमचं."

दीडशहाण्यांच्या हातातला कप तसाच राहिला. त्यांनी कुठल्याच दुपारी सासऱ्यांना फोन केला नव्हता. मुळात तो विचार त्यांच्या मनात आला असता, तर त्यांना स्वतःचीच शंका आली असती.

"आणि मलाही केला होतात ना," बायको आतून म्हणाली. "उगाच आपला."

"तुला? काय म्हणालो मी?"

"काही नाही." ती दारात आली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी होतं. हसूच होतं ते, पण इतक्या वर्षांनी पाहिल्यामुळे त्यांना आधी उमगेना. "जेवलीस का, विचारलंत. मग मी जेवढं बोलले तेवढं ऐकत बसलात."

"मी नव्हतो तो. कोणीतरी भामटा आहे. आणि तुला इतकंही कळत नाही, की आपला नवरा—" ते थांबले. 

ती त्यांच्याकडे बघत राहिली. तिनं कसलीही चौकशी केली नाही, की घाबरली नाही. ओठांवरचं हसू तेवढं तिनं घडी घालून आत ठेवलं.

"हो का," ती म्हणाली आणि कपबश्या उचलून आत गेली.

५

प्रत्येक नंबर कुठल्या तरी तारेवर असतो आणि प्रत्येक तार कुठल्या तरी भिंतीत जाते. दुसऱ्या दिवशी दीडशहाण्यांनी तो परका नंबर पकडला. तार निघाली तिसऱ्या मजल्यावर, अगदी टोकाच्या खोलीत. तिथे पूर्वी टायपिंग चाले. टाइपरायटर भंगारात गेल्यापासून ती बंद होती. निदान त्यांच्या माहितीप्रमाणे तरी.

दुपारी, सगळं कार्यालय जागं असताना, ते वर गेले. चोर रंगेहाथ पकडायचा आणि चारचौघांत त्याची सालटी काढायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पहिलं वाक्यसुद्धा तयार होतं.

कॉरिडॉरच्या शेवटी एक बाक होतं. त्यावर तीन-चार माणसं बसली होती. फाइली मांडीवर, चेहरे निवांत. भांडारपाल त्यांतच होता. दीडशहाणे जवळ येताच तो सरकला.

"बसा ना. फार वेळ नाही लागत."

"कोण आहे आत?"

"सर आहेत." मग त्यानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. "तुम्ही नवीन आलात का?"

'थट्टा,' दीडशहाण्यांनी स्वतःला सांगितलं. 'सगळे मिळून करताहेत.' पण ज्याला साधी फाइल धड पाठवता येत नाही, त्याला असा चेहरा ठेवता येईल? त्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ओळख तर मुळीच नव्हती.

दाराला धुरकट काच होती. एका कोपऱ्यात फुटलेली आणि तिथे पुठ्ठा डकवलेला. आतून बोलणं ऐकू येत होतं. तो आवाज त्यांनी पूर्वी एकदा कुठल्याशा रेकॉर्डिंगवर ऐकला होता. स्वतःचा आवाज बाहेरून असा ऐकू येतो, याची त्यांना तेव्हा किळस आली होती.

"पुन्हा विचारा की," आवाज म्हणत होता. "कितीदाही विचारा. विचारण्यासाठीच तर आहे सगळं."

दीडशहाण्यांनी पुठ्ठ्याची कड नखानं उचलली.

आधी लेखापालबाई दिसल्या. टेबलावर कोपरं टेकून, लहान मुलीसारख्या पुढे झुकलेल्या. समोर कागद. कागदावर एक हात पेन्सिलीनं लहान लहान घरं काढत होता आणि एका घरातून दुसऱ्या घराकडे रेघ ओढत होता. बाही कोपरापर्यंत दुमडलेली. सकाळी दीडशहाण्यांनी जो शर्ट घातला होता, त्याच शर्टाची. घड्याळ उजव्या मनगटावर. डावखुरे नसूनही दीडशहाणे ते उजव्याच मनगटावर बांधत, आणि आतल्या त्या हातावरही पेन्सिल चालवताना ते तसंच वर सरकत होतं.

बोटांपासून कोपरापर्यंत सगळं त्यांचं होतं. त्यापुढचं दाराच्या चौकटीआड होतं.

हात थांबला.

पेन्सिल अलगद कागदावर ठेवली गेली. बाईंनी मान वर केली नाही. त्या कागदाकडेच बघत होत्या. मग खुर्ची करकरली. आतलं कोणीतरी सावकाश, अजिबात घाई न करता, दाराकडे वळत होतं.

तो चेहरा दीडशहाण्यांनी पाहिला नाही. आपण तो पाहिलेला नाही, असं जिना उतरताना ते स्वतःला पुन्हा पुन्हा बजावत होते.

६

सर्व्हरच्या खोलीत आल्यावर त्यांनी दार आतून लावून घेतलं. एसीच्या गारव्यात त्यांना घाम फुटला होता. तरी डोकं चालत होतं, आणि डोकं चालतंय तोवर भ्यायचं कारण नाही, अशी त्यांची जुनी समजूत.

नावं सांगणारा सर्व्हरच बंद करायचा. मग कोणाचंच नाव कोणाला सापडणार नाही. फोन मुके होतील, पडदे गोठतील आणि सबंध इमारत बोंब मारत खाली धावेल, त्यांच्याकडे, दीडशहाण्यांकडे, कारण हे दुसऱ्या कोणाला सुधारता येत नाही. मग कळेल सगळ्यांना.

त्यांनी बटण दाबलं. हिरवे दिवे एकेक करून विझले. पंख्यांची घरघर खाली खाली येत थांबली.

ते खुर्चीत वाट बघत बसले.

कोणी आलं नाही. वरच्या मजल्यांवर पावलं वाजत होती, नेहमीसारखी. कुठेतरी फोन वाजला आणि कोणीतरी तो उचलला. कोणीतरी हसलं. छापायचं यंत्र कागद ओढत होतं. 'जुनी उत्तरं लक्षात असतील थोडा वेळ,' त्यांनी स्वतःला समजावलं. मग आणखी वेळ गेला. इमारत मजेत चालली होती. विचारणारे विचारत होते आणि त्यांना उत्तरं मिळत होती. यातल्या कशालाच या खोलीची गरज नव्हती.

दारावर टकटक झाली. दीडशहाणे जवळजवळ धावतच गेले. बाहेर पहारेकरी उभा होता.

"इथे बाहेरच्या माणसांना मनाई आहे," तो म्हणाला. "कोणाला भेटायचं होतं?"

"अरे गाढवा, रोज सलाम ठोकतोस मला! ही माझी खोली आहे!"

पहारेकऱ्याच्या कपाळावर आठी पडली. पण ती रागाची नव्हती. वेडसर माणसाशी बोलताना माणूस जरा जपून बोलतो, तसं तो बोलला. "ही सरांची खोली आहे. सर आत्ताच घरी गेले, जेवायला. आज लवकर जातो म्हणाले, घरी वाट बघतात." दार उघडं धरत तो बाजूला झाला. "असं कोणी ओरडत नाही बघा इथे. चला."

घरी. दीडशहाण्यांनी पिशवीही घेतली नाही, ते आणीबाणीच्या दारातून थेट रस्त्यावर आले आणि धावत सुटले.

७

रस्ता तोच होता. उन्हात गाड्या उभ्या होत्या, धोबी दारात इस्त्री करत होता. धोब्यानं वर पाहिलं आणि पुन्हा खाली. एरवी तो त्यांना मान लववत असे, आणि ते उत्तरादाखल काही करत नसत.

आपल्या दारापाशी ते पोचले तेव्हा छातीत कळ येत होती. किल्ली कार्यालयातल्या पिशवीत राहिली होती. त्यांनी बेल दाबली, दाबूनच धरली.

सासऱ्यांनी दार उघडलं, साखळी न काढता.

"कोण हवंय आपल्याला?"

"चष्मा लावा, सासरेबुवा, आणि बाजूला व्हा. म्हातारपणी डोळेही गेले वाटतं."

म्हातारा दचकला. असं बोलणं त्यानं जणू कधी ऐकलंच नव्हतं. तरी तो नम्रपणे म्हणाला, "आमचे जावई जेवायला बसलेत. थोडं थांबाल का? त्यांचं झालं की विचारतो. ते कोणाला नाही म्हणत नाहीत."

"तुमचा जावई मी आहे! आत जो बसलाय तो..." 'कसली माणसं ही,' त्यांच्या मनात आलं. 'जो आधी येऊन बसेल त्याला वाढतात.' हा विचार आला तेव्हासुद्धा त्यांच्या ओठाची एक कड सवयीनं वाकडी झाली.

साखळीच्या वरून, म्हाताऱ्याच्या खांद्यावरून आतला एवढासा तुकडा दिसत होता. टेबलाचा कोपरा. खुर्चीची पाठ, आणि तिच्यावरून दिसणारा एक खांदा. कोपरापर्यंत दुमडलेली बाही. पलीकडे बायको उभी होती, हातात डाव. कशावर तरी ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, तोंडावर हात न घेता. ती असं हसू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

"अगं!" ते ओरडले.

तिनं वर पाहिलं.

तिनं ओळखलं. याबद्दल दीडशहाण्यांना पुढे कधीही शंका घेता आली नाही. सबंध इमारत फसली असेल, म्हातारा फसला असेल, पण ती फसली नव्हती. त्यांना पाहताच तिचे खांदे किंचित वर आले, मान आत गेली आणि हसू आवरलं गेलं. रोज संध्याकाळी ते घरात पाऊल टाकत तेव्हा ती अशीच आवरून उभी राहत असे. परक्या माणसाला पाहून कोणी असं करत नाही.

ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होती. मग तिनं समोर खुर्चीत बसलेल्याकडे पाहिलं. मग पुन्हा एकदा दाराकडे. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. त्या खुर्चीत काय बसलंय, हे तिलाही ठाऊक असावं, निदान कुठला तरी अंदाज असावा. तरी डाव धरलेला तिचा हात पुढे झाला आणि तिनं त्या ताटात वाढलं.

"बाबा," ती हळू आवाजात म्हणाली, "दार लावून घ्या."

"माफ करा हं," म्हातारा कुजबुजला. दार आलं, साखळी सैल पडली, वरची कडी बसली.

दीडशहाणे दाराला कान लावून उभे राहिले. आत ताट किंचित सरकल्याचा आवाज झाला. मग त्यांच्याच आवाजात, अगदी मायेनं, कोणीतरी विचारलं :

"कोण होतं गं?"

डाव भांड्यात ठेवल्याचा आवाज झाला.

"कोणी नाही," ती म्हणाली. "तुम्ही जेवा."